मंडळाचा पाऊस

3 ऑगस्ट 2023, गुरुवार

पीकविम्याचा अर्ज भरायचा आज शेवटचा दिवस. मुदत खरं तर 31 जुलैलाच संपत होती, ती तीन दिवस वाढवून दिली. यंदापासून शेतकऱ्याने फक्त एक रुपया भरायचा, त्याच्या वाट्याचा बाकी हप्ता राज्य सरकार भरणार. त्यामुळे बाजाराच्या गावी सेवा केंद्रापुढे सकाळपासून रांग. सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक आणि पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र. अर्जामागे केंद्रचालकाला कंपनीकडून 40 रुपये मिळतात, तरी रांगेत "शंभराची नोट काढून ठेवा" अशी कुजबुज चालू होतीच.

शेजारच्या आक्का कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. "बाई, एवढं बघून द्या, हेक्टर-आर बरोबर पडलंय का." शाळेतून निवृत्त झाले तरी गावाला मी बाईच. भूगोल शिकवत होते, त्यामुळे पाऊस आणि नकाशे या दोन गोष्टींत गाव मला अजून विचारतं.

बाजरी गुडघ्याच्या वर चढायला तयार नाही. यंदा अधिक मास धरून श्रावण दोन आले आणि पाऊस एकाचाही नाही, असं आक्का म्हणाल्या. अजून दुसरा श्रावण लागायचाय हे मी त्यांना सांगितलं नाही.

13 ऑगस्ट, रविवार

निमगाव केतकीला धाकट्या दिरांकडे आले. सुप्याहून एसटीने बारामती, तिथून इंदापूरची गाडी. भूगोलाच्या पुस्तकात पर्जन्यछायेला एक परिच्छेद असतो. या रस्त्याने एकदा खिडकीत बसून गेलं की तो परिच्छेद वाचायची गरज उरत नाही. एकाच पुणे जिल्ह्यात लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आमच्याकडे जेमतेम पाचशेच्या आसपास. त्यातलाही बराचसा सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर.

सुपे, मोरगाव, लोणी भापकर, उंडवडी कडेपठार हा सगळा जिराईत पट्टा. माळावर मेंढरं, कुसळी गवत, बाजरी, मटकी, जनाई-शिरसाई उपसा योजनेचं पाणी आलं तर थोडं हिरवं. बारामती ओलांडून पिंपळी, काटेवाडीकडे आलं की उसाची भिंत सुरू होते. 1885च्या सुमारास इंग्रजांनी काढलेल्या नीरा डाव्या कालव्याची ही करामत. भवानीनगरचा छत्रपती कारखाना, लासुर्णे, अंथुर्णे, शेळगाव. जूनमध्ये तुकोबांची पालखी याच रस्त्याने धुळीतून गेली. मान्सून यंदा उशिरा आला, वारी त्याच्या आधी पुढे निघून गेली होती.

गाडीत शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बागायतदाराला विचारलं, विमा भरला का? "उसाला कुठं विमा असतो, बाई?" खरंच आहे. राज्यात खरिपाच्या विम्याला अधिसूचित पिकं 14. भात, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, तूर, मूग, उडीद, भुईमूग, सोयाबीन, तीळ, कारळे, कापूस, कांदा. ऊस त्यात नाही. म्हणजे विम्याच्या नकाशावर बारामती-इंदापूरचा सगळ्यात श्रीमंत पट्टा कोराच. विमा आहे तो कालव्याचं पाणी जिथे पोचलं नाही त्यांचा. त्यांचा कालवा आभाळातून येतो, आणि त्याचं पाणी मोजायला महसूल मंडळागणिक, म्हणजे दहा-वीस गावांमागे, एक यंत्र.

14 ऑगस्ट, सोमवार

दिरांची बाग डाळिंबाची. मृग बहार धरलाय. सकाळी बागेतून फिरताना त्यांनी विम्याची पावती दाखवली.

"वहिनी, हा विमा डाळिंबाचा नाही बरं का. डाळिंबं झाडावर लगडू देत नाहीतर गळून पडू देत, कंपनीचा माणूस बागेत पाऊलसुद्धा टाकत नाही. हा विमा हवेचा."

त्यांनी एका वाक्यात सांगितलं ते योजनेच्या पुस्तिकेत चार पानं घेतं. बाजरी-मक्याच्या विम्यात शेवटी उत्पादन मोजतात. मंडळात पीककापणी प्रयोग होतात, त्यांची सरासरी काढतात, मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून ठरलेल्या उंबरठा उत्पादनाशी ती ताडून पाहतात. ती कमी पडली तर तेवढ्या प्रमाणात भरपाई. फळपिकाचा विमा हवामानावर. ठरलेल्या तारखांमध्ये सलग इतके दिवस पाऊस नाही, किंवा एका दिवसात अमुक मिलिमीटरच्या वर पाऊस, किंवा तापमान इतक्याच्या वर, असं एक कोष्टक असतं. आकडा कोष्टकात बसला की भरपाई आपोआप देय. शेतकऱ्याने कळवायचं नाही, कुणी पाहणीला यायचं नाही. शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या 5 टक्के. गारपिटीचं कवच वेगळा हप्ता भरून.

कागदावर ही पद्धत मला फार स्वच्छ वाटते. पंचनामा नाही म्हणजे पंचनाम्यातलं राजकारण नाही. दिरांचं मत वेगळं. गेल्या वर्षी त्यांच्या बागेत पाणी साचलं, मंडळाच्या केंद्रावर त्या दिवशी आकडा कोष्टकाच्या खाली राहिला. उलट एका वर्षी बाग झकास होती आणि खात्यात पैसे आले. "ते परत करायला गेलात का?" मी विचारलं. हसले नुसते.

26 ऑगस्ट, शनिवार

संध्याकाळी पारावर मोठीच चर्चा झाली. माझा एक जुना विद्यार्थी आता कृषी सहायक आहे, त्याला लोकांनी घेरलं होतं. विषय एकच, एकवीस दिवस.

हंगामाच्या मध्येच पीक हातचं जायला लागलं आणि अपेक्षित उत्पादन उंबरठ्याच्या निम्म्यापेक्षा कमी येईल असं दिसलं, तर संभाव्य भरपाईच्या 25 टक्क्यांपर्यंत रक्कम आगाऊ द्यायची अशी पंतप्रधान पीकविमा योजनेत तरतूद आहे. अग्रिम म्हणतात तिला. त्यासाठी महसूल, कृषी आणि विमा कंपनी यांची संयुक्त पाहणी लागते, मग जिल्हाधिकारी अधिसूचना काढतात. आणि पाहणीची गाडी हलायची तर आधी लागतो पावसातला सलग 21 दिवसांचा खंड. राज्यभर सध्या याच आकड्यावर वाद पेटलाय. मंडळांच्या याद्या निघतायत, त्यांवर कंपन्या हरकती घेतायत.

"आमच्याकडं महिना झाला टिपूस न्हाई," एकजण म्हणाला.

"तुमच्याकडं नसंल. मंडळाला मधी एक दिवस पाऊस लागलाय."

"किती?"

"अडीच मिलिमीटरच्या वर."

अडीच मिलिमीटर! हवामानशास्त्रात दिवसभरात अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस. ही व्याख्या वाईट नाही, जगात कुठे तरी रेघ मारावीच लागते. पण ऑगस्टच्या उन्हात हलक्या जमिनीवर पडलेले अडीच मिलिमीटर दुपारच्या आत उडून जातात. पोटरीतल्या बाजरीच्या मुळाला ते कळतही नाहीत. कोष्टकात मात्र त्या दिवशी खंड तुटतो आणि मोजणी पुन्हा एकापासून सुरू होते.

मी फळा नसताना फळ्यापाशी उभी राहिल्यासारखी बोलत सुटले. म्हटलं, खंड मोजायचा तर जमिनीत किती ओल उरली ते मोजायला हवं. आदल्या पावसापासून जमिनीने किती धरलं, पिकाने रोज किती ओढलं, ऊन-वाऱ्याने किती गेलं, याचा जमाखर्च मांडता येतो. त्याला लागणारं तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग, सगळं तेच यंत्र टिपतं. माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, पाण्याच्या ताणाखाली पीक कसं वागतं याचाच अभ्यास करणारी. अडीच मिलिमीटरच्या रेघेपेक्षा शहाणी रेघ मारायला लागणारं ज्ञान या तालुक्यातच पडून आहे.

"बाई, ते सगळं खरं," विद्यार्थी म्हणाला, "पण जीआरमध्ये काय लिहिलंय त्यावर सही होते."

27 ऑगस्ट, रविवार

मंडळाच्या गावी जाऊन ते यंत्र पाहून आले. तारेचं कुंपण, आत एक खांब, त्यावर सौर पट्टी, वाऱ्याच्या वाट्या, तापमापकाची पांढरी चकत्यांची टोपी आणि खाली पर्जन्यमापक. महावेध प्रकल्पातलं हे केंद्र. राज्य सरकारने स्कायमेट कंपनीबरोबर 2017 साली हे काम सुरू केलं आणि राज्यातल्या दोन हजारांहून जास्त महसूल मंडळांमध्ये अशी केंद्रं उभी राहिली. दर दहा मिनिटांनी नोंद जाते. त्याआधीचा कारभार मुख्यतः हाताने भरलेल्या वह्यांवर होता. हे विसरून यंत्राला शिव्या घालणं अन्यायाचं.

शाळेत आमच्याकडे सायमनचा मापक होता. नरसाळं, बाटली आणि मोजपात्र. सकाळी साडेआठला मोजायचं, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ. या नव्या मापकात नरसाळ्याखाली दोन छोटी पात्रं लहान मुलांच्या सी-सॉसारखी बसवलेली. एक भरलं की कलंडतं, दुसरं पुढे येतं, आणि प्रत्येक कलंडणं मोजलं जातं. धो धो पावसात कलंडण्याच्या वेळेत थोडं पाणी निसटतं, म्हणून असे मापक मोठा पाऊस जरा कमीच दाखवतात. नरसाळ्यात पान अडकलं, पाखराने घाण केली, तर पाऊस पडूनही कोरडा दिवस. इथलं केंद्र तरी स्वच्छ होतं, आजूबाजूला झाड नाही, इमारत नाही. जागा नियमाप्रमाणे.

यंत्रात खोट नाही, तरी वाद उरतोच, कारण मंडळ मोठं. एका मंडळात दहा-पंधरा-वीस गावं. आमच्याकडचा पाऊस पट्ट्यापट्ट्याने पडतो. रस्त्याच्या अलीकडे ओढा वाहतो आणि पलीकडे धुरळा उडतो हे इथल्या पोरालाही ठाऊक आहे. विमा शास्त्रात या फरकाला जोखमीचा एक वेगळा प्रकार मानतात. मोजलेला पाऊस आणि शेतावरचा पाऊस यांच्यातलं अंतर. हे अंतर शेतकऱ्याच्याच अंगावर पडतं असं म्हणायची पद्धत आहे, ते अर्धसत्य. कधी कधी ते कंपनीच्याही अंगावर पडतं. फरक इतकाच की कंपनीची हजारो मंडळं असतात, तिच्या हिशेबात चुका एकमेकींना खाऊन टाकतात. आक्कांचं मंडळ एकच, आणि त्यात त्यांचं शेतही एकच.

2 सप्टेंबर, शनिवार. पुणे

लेकीकडे आले आहे. शिवाजीनगरला सिमला ऑफिसच्या चौकातून रिक्षा गेली. हवामान खात्याचं सिमल्याचं कार्यालय 1928 साली पुण्यात आलं, म्हणून त्या घड्याळाच्या इमारतीचं नाव सिमला ऑफिस. देशभरच्या पावसाच्या जुन्या नोंदींचं भांडार इथेच. पावसाच्या विम्याचा कुठलाही करार करायचा तर ठरावीक भागात ठरावीक आठवड्यात किती वेळा कोरड पडली हे जुन्या नोंदींतून काढावं लागतं. त्यावरच हप्ता ठरतो.

आणि इथून थोड्याच अंतरावर गोखले अर्थशास्त्र संस्था. भारतातल्या पीकविम्याचा पाया ज्यांनी रचला असं मानतात ते वि. म. दांडेकर तिथले. 1976 साली त्यांनी मांडणी केली की एकेका शेतकऱ्याचं नुकसान मोजत बसलात तर विमा कधीच चालणार नाही. खर्च परवडणार नाही आणि लबाडीही थांबणार नाही. गुजरातेत एच-4 कापसावर 1972-73 पासून एकेका शेताच्या विम्याचा प्रयोग झाला होताच, तो वाढू शकला नाही. दांडेकर म्हणाले, सारखं हवामान असलेला एक टापू धरा, त्याचं सरासरी उत्पादन मोजा आणि टापूतल्या सगळ्यांना एकाच मापाने द्या. 1985ची सर्वंकष पीकविमा योजना याच पायावर उभी राहिली, पुढे 1999ची राष्ट्रीय योजना आणि 2016ची पंतप्रधान योजनाही.

उत्पादनाऐवजी पाऊसच मोजावा ही कल्पना तर त्याहून जुनी. म्हैसूर संस्थानातले जे. एस. चक्रवर्ती यांनी 1920 साली शेतीविम्यावर पुस्तक लिहिलं. पर्जन्यमापकाच्या आकड्यावरच भरपाई द्यावी, शेत बघायला जाऊच नये, अशी त्यांची योजना. प्रत्यक्षात असा विमा भारतात आला 2003 साली, तेव्हाच्या आंध्रातल्या महबूबनगर जिल्ह्यात. मधली ऐंशीच्या वर वर्षं कल्पना पुस्तकातच राहिली.

दांडेकरांच्या वेळी टापू म्हणजे तालुका किंवा मोठा गट होता, आता मंडळ आहे. टापू जितका लहान तितका न्याय जवळ, पण तितकेच जास्त पीककापणी प्रयोग, तितकी जास्त माणसं आणि तितक्याच जास्त मारामाऱ्या. दांडेकरांनी निवडलेली अडचण आपण वारशाने घेतली आहे. लेक म्हणाली, आई, सुट्टीला आलीयेस ना? म्हणून इथे थांबते.

8 सप्टेंबर, शुक्रवार

गावी परतले. दहीहंडीपासून पाऊस सुरू झालाय. रात्री बरा पाऊस झाला. मूग गेला, बाजरीचं कणीस अर्धं रिकामं. लोक खूश आहेत, कारण जनावरांना वैरण होईल आणि रब्बीच्या ज्वारीला ओल मिळेल. हवामान खात्याच्या हिशेबाने यंदाचा ऑगस्ट देशात 1901पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट.

आता एकूण बेरजेत हा सप्टेंबरचा पाऊस मिसळेल आणि हंगामाची टक्केवारी बरी दिसेल. सरासरीचा हा जुना खेळ.

1 नोव्हेंबर, बुधवार

काल सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. बारामती आणि इंदापूर दोन्ही यादीत. दौंड, पुरंदर, शिरूरही. उजनी धरण यंदा भरलंच नाही, भिगवणकडचे लोक आत्तापासून धास्तावलेत.

दुष्काळाची मोजणी वेगळीच आहे. केंद्राच्या 2016च्या दुष्काळ संहितेप्रमाणे आधी पावसाची तूट आणि खंड बघतात, मग पेरणीचं क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारा पिकाचा हिरवेपणा, जमिनीतली ओल, धरणं आणि भूजल, आणि शेवटी निवडक गावांत प्रत्यक्ष शेतात जाऊन पाहणी. इथे खंड आठवड्यांच्या हिशेबाने धरतात, त्या आठवड्यात नेहमी किती पडतो याच्याशी तुलना करून. अडीच मिलिमीटरच्या एका सरीने तो तुटत नाही. एकाच सरकारचे एकाच पावसाकडे बघायचे हे दोन चष्मे. दुष्काळाचा चष्मा मला जास्त शहाणा वाटतो. त्याची खोट एवढीच की त्यातून दिसेपर्यंत पीक काढून शेत मोकळं झालेलं असतं.

11 नोव्हेंबर, शनिवार

उद्या लक्ष्मीपूजन. तालुक्यांच्या यादीत न आलेल्यांची ओरड झाल्यावर आता मंडळवार यादी आली. जून ते सप्टेंबर सरासरीच्या 75 टक्क्यांपेक्षा कमी आणि एकूण 750 मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस झालेली नऊशेहून जास्त मंडळं दुष्काळसदृश. अग्रिमाचेही आकडे आले. कृषिमंत्री धनंजय मुंडे म्हणाले की पहिल्या टप्प्यात 35 लाखांवर शेतकऱ्यांसाठी सुमारे 1,700 कोटी रुपये मंजूर झालेत. यंदा खरिपात अर्ज 1 कोटी 70 लाख. भागाकार मी केला, पण आक्कांना सांगितला नाही.

28 नोव्हेंबर, मंगळवार

दिरांचा फोन. दोन दिवस आभाळ भरून आहे, डाळिंबावर तेल्या येईल म्हणून फवारणीची धावपळ. नाशिक, नगरकडे गारपिटीने द्राक्षबागा झोपल्या. त्यांच्याकडे पाऊस थोडाच. कोष्टकाला लागतो तेवढा नाही. "पाऊस पडला असता तर निदान पैसे तरी मिळाले असते," असं बोलले आणि मग स्वतःच म्हणाले, "काय बोलतोय मी, वहिनी."

26 मे 2025, सोमवार

दीड वर्षाने विम्याच्या पानांवर परत. कारण विलक्षण. मान्सून आज मुंबई-पुण्यात पोचला, मुंबईत इतक्या लवकर तो आजवरच्या नोंदींत कधीच आला नव्हता. पण त्याच्या आधीच काल बारामती, दौंड, इंदापूर बुडाले. पिंपळीजवळ नीरा डावा कालवा फुटला, काटेवाडीत पाणी शिरलं, बारामतीला आणि इंदापूरला आपत्ती दलाच्या तुकड्या आल्या. एवढा पाऊस आणि तोही मे महिन्यात, माझ्या सासूबाईंच्या आठवणीतही नाही, आणि त्यांनी बहात्तरचा दुष्काळ बघितलाय.

विमा? खरिपाच्या कवचाला अजून सुरुवातच नाही. अर्जच जुलैत भरायचे. रानातला भिजलेला कांदा, आडवा झालेला चाऱ्याचा मका, यांतलं काही त्यात नाही. दिरांनी यंदा आंबिया बहार धरलाय. त्याला अवेळी पावसाचं कवच जानेवारीच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत आहे, त्यामुळे ते त्यात बसले. शेजारच्याने मृग बहाराची तयारी केली होती, त्याचा अर्ज अजून भरायचाच आहे. बांध एक, पाऊस एक, तारखा वेगळ्या.

सरकारी मदतीसाठी मात्र मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर ही अतिवृष्टीची रेघ. इथे साडेआठचं घड्याळ कामाला येतं. रात्रभर पडलेला पाऊस सकाळी साडेआठच्या आत संपला तर एका दिवसाच्या खात्यात. पहाटेपासून दुपारपर्यंत पडला तर दोन दिवसांत वाटला जातो, आणि दोन्ही दिवस रेघेखाली राहू शकतात. अर्थात सततच्या पावसालाही आपत्ती मानायचा निर्णय 2023 साली झाला, त्याने थोडी सोय झाली.

काल आमच्याकडे वाद नव्हता. मापक आणि शेत दोघंही बुडाली होती.

2 जुलै 2025, बुधवार

एक रुपयाचा विमा बंद. बोगस अर्जांच्या बातम्या वर्षभर चालू होत्या. देवस्थानाच्या, सरकारी जमिनींवर कुणीतरी विमे उतरवले होते. आता पुन्हा खरिपाला 2 टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना 5 टक्के हप्ता. त्याचं फार दुःख नाही. फुकट मिळालेली गोष्ट लोक वाचत नाहीत, आणि या योजनेची पुस्तिका वाचायला हवी अशीच आहे.

दुःख दुसऱ्या कलमाचं. हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती, काढणीपश्चात नुकसान ही कवचं राज्याने काढून टाकली. आता फक्त पीककापणी प्रयोगावर आलेलं सरासरी उत्पादन. म्हणजे तो एकवीस दिवसांचा खंड, अडीच मिलिमीटर, पारावरचा वाद, सगळं एका कागदाने निकालात. खरिपाच्या विम्यापुरता पाऊस कितीही मोजला तरी त्यावरून दमडी हलणार नाही. फळबागांचा हवामानाधारित विमा तेवढा राहिला.

बरेच शहाणे लोक म्हणतील, बरं झालं. उत्पादन हाच खरा पुरावा, पाऊस हा आडवाटेचा. मला पटत नाही. उत्पादनाचा आकडा हंगाम संपल्यावर कित्येक महिन्यांनी हाती येतो. पावसाचा आकडा रोज सकाळी महारेन या सरकारी संकेतस्थळावर मंडळवार दिसतो. न्याय करायला पाऊस कच्चा आहे, हे मान्य. पण हाक घालायला त्याच्याइतकं चपळ दुसरं काही नाही. ऑगस्टात चार पैसे आले तर माणूस वैरण आणतो, जनावर बाजारात काढत नाही, रब्बीच्या बियाण्याला सावकाराकडे जात नाही. तेच पैसे पुढच्या एप्रिलात आले तर ते लग्नात खर्च होतात. रेघ चुकीची होती तर रेघ बदलायची होती.

23 सप्टेंबर 2025, मंगळवार

शेजारच्या शिवारात बाजरीचा पीककापणी प्रयोग. कृषी सहायक (तोच माझा विद्यार्थी), कंपनीचा एक तरुण प्रतिनिधी, शेतकरी आणि चार बघे. भूखंड आधीच लॉटरीने ठरलेला. दोऱ्या, खुंट्या, काटकोन नीट आलाय का याची तपासणी, मग कापणी, मळणी, वजन, आणि प्रत्येक पायरीचा फोटो अॅपवर. रेंज नसल्याने विद्यार्थी मोबाइल हातात धरून बांधावर चढला. काम प्रामाणिक झालं. पण कणसं ओली होती. ओल्या दाण्याचं वजन जास्त भरतं, म्हणून वाळल्यावरचं वजन धरायचा नियम आहे. त्याची आठवण करून द्यावी लागली नाही, त्याने स्वतःच नमुना बाजूला काढला.

बातम्यांत माढा, मोहोळ, धाराशिव, बीड. सीना नदीने गावंच्या गावं वेढली. काढलेली कवचं तिथल्या लोकांना आत्ता आठवत असतील.

9 ऑक्टोबर 2025, गुरुवार

पूरग्रस्तांसाठी सरकारने परवा 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आज आमच्याकडे ग्रामपंचायतीत बैठक होती ती साधीच, हवामान यंत्रासाठी जागा सुचवायची. केंद्राच्या विंड्स योजनेत तालुक्याला हवामान केंद्र आणि ग्रामपंचायतीला पर्जन्यमापक असं ठरलं आहे. आपल्याकडे कधी येईल ते येईल, जागा आधी नक्की असावी म्हणून सरपंचांनी मला बोलावलं.

पहिली सूचना आली कार्यालयाच्या गच्चीची. दुसरी पाण्याच्या टाकीखालची, तिथे वॉचमन असतो म्हणून. टाकीखाली पर्जन्यमापक म्हणजे टाकी गळली की गावात अतिवृष्टी, असं म्हटल्यावर लोक हसले आणि मग ऐकायला लागले. झाड, भिंत, खांब जेवढा उंच, निदान त्याच्या दुप्पट अंतरावर मापक हवा. गच्चीवर वारा पाणी उडवून नेतो. जनावर आत शिरता कामा नये. आणि एक मागणी मी माझ्यातर्फे घातली. रोजचा आकडा सकाळी नऊला शाळेच्या फळ्यावर लिहायचा, मुलांकडून.

"आकडा कमी लिहिला न् पुढं विम्यात भरला तर?" मागून कुणीतरी.

"यंत्र लिहितं तेच मुलं लिहितील."

जागा शेवटी गायरानाच्या उत्तर टोकाची ठरली. कुंपणाचा खर्च पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून निघतो का ते बघायचंय. ग्रामसेवकांनी ठराव लिहून घेतला, सूचक आणि अनुमोदक यांची नावं मात्र उद्या टाकतो म्हणाले.